मनात दाबून ठेवलेलं अंगावर उठतं का? (दादाचा सोरायसिस)

चाफेकळी
नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितेच. थोडं लांबेल, वाचाल ना.

माझ्या मोठ्या भावाला सोरायसिस आहे. कॉलेजात असल्यापासून कोपरावर रुपयाएवढा एक चट्टा होता, थंडीत वाढायचा, उन्हाळ्यात बसायचा, घरात कुणाचं लक्षही जायचं नाही. २०२१ च्या मे महिन्यात बाबा कोविडने गेले. शेवटचं बघायलासुद्धा मिळालं नाही, सगळं नगरपालिकेच्या माणसांनी केलं, दादा लांब उभा होता. घरी आला, आंघोळ केली, आईला सांगितलं, आणि निर्बंध उठले त्या दिवशी दुकान उघडून बसला. आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. आम्ही सगळ्यांनी रडून घेतलं, देवावर चिडलो, एकमेकांवर चिडलो, हा मात्र एक शब्द बोलला नाही. बाबांची उधारी, बँकेचं कॅश क्रेडिट, माझं लग्न, सगळं एकट्याने निस्तरलं.

त्याच पावसाळ्यात चट्टे पाठीवर आले, मग पायावर, मग डोक्यात. आता भर मे महिन्यात फुल बाह्यांचा शर्ट घालून बसतो. सकाळी आई उठायच्या आत अंथरुणावरच्या खपल्या स्वतः झाडून घेतो, चादरपण स्वतःच धुतो. गावातल्या सलूनवाल्याने त्याच्यासाठी टॉवेल वेगळा काढला, तेव्हापासून घरीच ट्रिमर फिरवतो. पहिल्यांदा डॉक्टरकडे गेला होता, फरक पडला, मग सोडलं. आता मेडिकलवाला देतो ते मलम लावतो, दोन दिवस बरं वाटतं की परत तेच. हल्ली सकाळी शटर उचलताना बोटं आखडतात म्हणतो, वय झालं म्हणतो, वय आहे ४१.

गेल्या आठवड्यात आमच्या एका चुलतबहिणीने फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला. दाबलेला राग आणि दुःख त्वचेतून बाहेर पडतं, औषधं बंद करा, माफ करायला शिका, त्वचा आपोआप साफ होईल, असा. दादाने तो वाचला आणि रात्री जेवताना मला विचारलं, "म्हणजे हे मीच ओढवून घेतलंय का गं?" मला काही बोलताच आलं नाही.

तर प्रश्न असा की यात खरं किती? आणि खरं असेल तर जो माणूस बोलतच नाही त्याचं काय करायचं?

रानवारा
अगं वाचून पोटात कालवलं. तुझ्या दादाला सांग की असं काही नसतं ओढवून घेणं वगैरे.

माझं सांगते. मला अंगावर पित्त उठायचं, रोज संध्याकाळी, साधारण साडेसहाला म्हणजे घरात शिरले की. मांडीवर, कमरेवर लालबुंद गांधी, त्या एकमेकींत मिसळून तळहाताएवढ्या व्हायच्या, तासाभरात जायच्या की दुसरीकडे. सासूबाई आमसुलाचं पाणी लावायच्या, त्याने गार वाटायचं तेवढंच. तेव्हा घरात बरंच काही चाललं होतं, नोकरी सोडावी म्हणून दबाव होता आणि मी हो पण म्हणत नव्हते आणि नाही पण म्हणत नव्हते, सगळं गिळत होते. सगळे म्हणायला लागले की टेन्शनने होतंय, मलाही पटलं होतं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या तर थायरॉइडच्या अँटिबॉडीज वाढलेल्या निघाल्या. सहा आठवड्यांच्या वर रोज पित्त उठत असेल तर त्यात पुष्कळदा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा घोळ असतो असं त्यांनी सांगितलं. झोप न आणणारी अँटिहिस्टामिनची गोळी रोज, नियमाने, उठो न उठो, अशी बरेच महिने घेतली आणि आटोक्यात आलं.

पण हेही सांगते की ज्या दिवशी मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं नोकरी सोडणार नाही, त्यानंतर जोर कमी झाला तो मी स्वतः पाहिलाय. दोन्ही खरं आहे. मी एकाला निवडणार नाही.

पैलतीर
चाफेकळी, तुमच्या भावाबद्दल मनापासून वाईट वाटलं. पण या "दडपलेल्या भावना" प्रकाराबद्दल मला कडक बोलायचं आहे, कारण माझ्या वडिलांनी यापायी फार भोगलं.

१९५० मध्ये फ्रान्झ अलेक्झांडर नावाच्या मनोविश्लेषकाने सायकोसोमॅटिक आजारांवर पुस्तक लिहिलं, त्यात सात आजार प्रामुख्याने होते. पोटाचा अल्सर, दमा, संधिवात, मोठ्या आतड्याची सूज, रक्तदाब, थायरॉइड आणि न्यूरोडर्माटायटिस म्हणजे आपण ज्याला इसब म्हणतो त्यातला प्रकार. प्रत्येकामागे मनातला एकेक संघर्ष आहे अशी ती मांडणी. अल्सरवाल्यांना किती वर्षं सांगितलं गेलं की तुम्ही चिंता करता म्हणून होतंय! माझ्या वडिलांनाही तेच सांगितलं, दूध प्या आणि चिंता सोडा. मग ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिलं की बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू आहे, २००५ चं नोबेल त्यांना त्याबद्दलच मिळालं. अँटिबायोटिक्सच्या एका कोर्समध्ये जे बरं झालं असतं त्याच्यासाठी माणूस आयुष्यभर स्वतःच्या स्वभावाला दोष देत राहिला.

म्हणून जेव्हा कुणी म्हणतं ना की तुझा राग तुझ्या कातडीतून बाहेर पडतोय, तेव्हा मी विचारतो, मोजलं कसं? राग किती होता, दाबला किती, कुणी पाहिलं? आजार आधीच असलेल्या माणसावर वरून स्वभावाचा ठपका. हे थांबलं पाहिजे.

त्वचावैद्य
धागा आत्ता पाहिला. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते, तुमच्या दादासारखे पेशंट रोज बघते. पैलतीर काकांचा राग अगदी योग्य आहे, तरीपण त्यांनी दार पूर्ण बंद केलंय ते मला थोडं उघडायचं आहे.

पहिली गोष्ट, दादाला आजच्या आज सांगा की हे त्याने ओढवून घेतलेलं नाही. सोरायसिस प्रतिकारशक्तीचा आजार आहे आणि त्यात अनुवंशाचा वाटा मोठा आहे. वरच्या त्वचेच्या पेशी तयार होऊन गळून पडायला एरवी साधारण महिना लागतो, सोरायसिसच्या चट्ट्यात हे चक्र तीन ते पाच दिवसांत उरकतं, म्हणून खपल्यांचे थर साचतात. तो संसर्गजन्य नाही. टॉवेलने, कंगव्याने, हात मिळवल्याने पसरत नाही, सलूनवाल्याला हे सांगायची वेळ आली तर मी लिहून द्यायला तयार आहे.

आता मनाचं. त्वचा आणि मेंदू-मज्जासंस्था गर्भात एकाच थरातून बनतात. त्वचेत मज्जातंतूंची टोकं अगदी वरपर्यंत आलेली असतात आणि ताणाखाली ती काही रसायनं सोडतात, सबस्टन्स पी हे त्यातलं एक. त्याने शेजारच्या मास्ट पेशी (ॲलर्जीत सूज आणि खाज आणणाऱ्या) उघडतात, सूज येते, खाज सुटते. रोगप्रतिकारक पेशींनाही त्यातून चेतावणी मिळते. एखाद्या अपघातात किंवा ऑपरेशनमध्ये मज्जातंतू तुटून जिथली संवेदना गेली, नेमका तेवढ्याच भागातला सोरायसिस मावळला, अशा पेशंटच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणजे मज्जातंतू तिथे नुसते बघे नाहीत. त्यात दीर्घकाळचा ताण झोप बिघडवतो, दारू-सिगरेट वाढवतो, आणि त्या दोन्हींनी सोरायसिस वाढतो तो वेगळाच.

मोजलं कसं, याचं एक उत्तर देते. १९९५ मध्ये अमेरिकेत ओहायोमध्ये जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या १३ बायका घेतल्या, आणि त्याच वयाच्या पण तो बोजा नसलेल्या १३. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखी जखम केली. सेवा करणाऱ्या बायकांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. ही काही सोरायसिसची गोष्ट नाही आणि दडपलेल्या रागाचीही नाही, पण थकलेलं मन कातडीच्या दुरुस्तीत ढवळाढवळ करतं हे फूटपट्टीने मोजलेलं आहे.

मी पेशंटला एवढंच सांगते, निखारा अनुवंशाने आलेला असतो, ताण त्यावर फुंकर घालतो. फुंकर थांबवली म्हणून निखारा नाहीसा होत नाही आणि नुसतं पाणी मारत राहिलं पण फुंकर चालूच, तर तोही पुन्हा धुमसतो.

आणि आता चाफेकळी, तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य मला झोपू देणार नाही. सकाळी बोटं आखडतात. किती वेळ आखडलेली राहतात? अर्ध्या तासाच्या वर? एखादं बोट अख्खं सुजतं का? नखांवर बारीक खड्डे आहेत का, नखं पिवळी पडून उचलली गेलीत का? टाच दुखते का? सोरायसिसच्या बऱ्याच पेशंटना सांध्यांचाही आजार होतो, सोरायटिक आर्थ्रायटिस म्हणतात, आणि तो वेळेत धरला नाही तर सांधे कायमचे वाकडे होतात. याला वय म्हणू नका, मन मोकळं केल्याने जाईल असंही म्हणू नका, या आठवड्यात दाखवा.

मेडिकलवाल्याच्या मलमाबद्दल: नाव बघा, शेवटी "सोल", "सोन" असं काही असेल तर बहुधा जोरदार स्टिरॉइड आहे. वाईट नसतं, आम्हीही देतो, पण जागा, दिवस आणि प्रमाण ठरवून. वर्षानुवर्षं चोळलं तर कातडी पातळ होते, भेगा पडतात आणि बंद केलं की आजार उसळून येतो. स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन तर सोरायसिसला कुणी सहज दिलं तर घेऊच नका. बीपीच्या काही गोळ्यांनी, लिथियमनेही सोरायसिस वाढतो, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा.

साखरकाठी
आमच्या मामेभावाला एका वैद्यांच्या पुड्यांनी पंधरा दिवसांत साफ झालं होतं सगळं. पत्ता देऊ का?

त्वचावैद्य
पत्ता नको, पुडीत काय आहे ते लिहून मिळतं का ते विचारा. पंधरा दिवसांत साफ होणारा सोरायसिस आणि पुड्या बंद झाल्यावर दुप्पट येणारा सोरायसिस मी फार पाहिलाय, त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असल्याची शंका घ्यावीच लागते. नोंदणीकृत वैद्य, ज्यांच्या औषधांवर घटक छापलेले असतात, त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये.

निशिगंध
माझा आजार वेगळा पण विषयाला धरून आहे म्हणून लिहिते. डाव्या घोट्यावर चामड्यासारखा जाड काळपट पट्टा झाला होता, लायकेन सिम्प्लेक्स. सुरुवात कशाने झाली आठवत नाही, डास चावला असेल. पण खाजवायची माझी वेळ ठरलेली, मुलं झोपली, ओटा आवरला आणि मी सोफ्यावर बसले की उजव्या पायाची टाच आपोआप डाव्या घोट्यावर जायची. टीव्ही बघताना नखं रक्त येईपर्यंत चालायची, कळायचंच नाही. आणि त्यात एक समाधान असायचं हो, दिवसभरात कुणाला जे बोलले नाही ते सगळं त्या खाजवण्यात जायचं असं वाटायचं.

मला मलमासोबत हॅबिट रिव्हर्सल म्हणजे सवय मोडायची पद्धत शिकवली. आधी फक्त मोजायचं, हात जातो कधी, कुठल्या खोलीत, कशानंतर. मोजायला हातात धरायचं एक छोटं काउंटर बटण दिलं होतं. मग खाज आली की मुठी घट्ट आवळून तीस आकडे मोजायचे, मग खाजणाऱ्या जागेवर नख न लावता चिमटीत नुसतं दाबून धरायचं. स्वीडनमध्ये १९८६ मध्ये इसबावर हे करून पाहिलंय, नुसत्या हायड्रोकॉर्टिझोनपेक्षा हायड्रोकॉर्टिझोन अधिक ही सवय मोडणं यानं जास्त फरक पडला.

मजा म्हणजे मोजायला लागल्यावर मला दिसलं की सगळ्यात जास्त खाज माझ्या आईचा फोन आला की व्हायची. आता तो प्रश्न मलमाने सुटणारा नव्हता, त्यासाठी मी समुपदेशकांकडे गेले, अजून जाते. घोटा मऊ झालाय, रंग हळूहळू येतोय.

सॅन_होजेची_काकू
इकडे डर्मॅटॉलॉजिस्टच्या शेजारीच सायकॉलॉजिस्ट बसतो असं काही ठिकाणी असतं, सगळीकडे नाही, आणि इन्शुरन्सची भानगड आहेच. मी इथल्या सोरायसिसच्या ग्रुपमध्ये आहे म्हणून दोन गोष्टी माहीत आहेत.

जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये ३७ पेशंटवर केलेलं काम १९९८ मध्ये आलं. सगळे यूव्ही लाइटची ट्रीटमेंट घेत होते, अर्ध्यांना लाइट बॉक्समध्ये उभं असताना ध्यानाची टेप ऐकवली. टेपवाल्यांची त्वचा लवकर साफ झाली. लहान अभ्यास आहे, पण मुद्दा बघा ना, लाइट कुणाचीच बंद केली नव्हती! तुमच्या बहिणीच्या मेसेजमध्ये "औषधं बंद करा" हेच तर विष आहे.

दुसरं, न बोलणाऱ्यांसाठी लिहिणं. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये कॉलेजच्या मुलांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक गोष्टीबद्दल लिहायला लावलं, पुढच्या महिन्यांत त्या मुलांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. लिहिल्यावर त्या दिवशी उलट जास्त वाईट वाटतं, हे त्यांनीही नोंदवलंय, तेव्हा दादाला एकट्याला वही देऊन मोकळे होऊ नका. आणि त्वचा यानं बरी होते असं मी म्हणत नाही, मन थोडं हलकं होतं. मी स्वतः मराठीतच लिहिते, इंग्रजीत मला रडूच येत नाही.

आजोळ
सगळे मन ते त्वचा असं बोलताहेत, मला उलट दिशेचं सांगायचं आहे. माझ्या मुलीला दहावीत असताना ओठांच्या कडेला कोड आलं. ती आधी मोकळी ढाकळी पोरगी, स्टेजवर नाचणारी. नंतर फोटोत मागे उभी राहायला लागली, हसताना ओठावर हात. लोक म्हणायचे घुमी झाली म्हणून डाग वाढले. अहो डाग आले म्हणून घुमी झाली! लग्नाचं वय झाल्यावर तर विचारू नका, स्थळ बघायला आलेल्या बाईंनी मुलीची हनुवटी धरून उजेडाकडे फिरवून पाहिलं, माझ्यादेखत.

पुण्यात श्वेता असोसिएशन आहे, डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली, कोड असलेल्यांचा स्वमदत गट. तिथे आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मुलगी मेकअप न करता खोलीभर माणसांत बसली. उपचार चालूच होते, डाग होते तिथेच होते. पण ती घरी येताना रिक्षात बडबड करत होती. चाफेकळी, दादा बोलत नाही यातलं बाबांचं किती आणि त्या टॉवेलचं किती हे पण एकदा बघ.

चाफेकळी
सगळ्यांचे कसे आभार मानू. आजोळ, तुमचं शेवटचं वाक्य मी तीन वेळा वाचलं. आम्ही सगळे बाबांनाच धरून बसलो होतो, टॉवेलचा विचार कुणी केलाच नव्हता.

डॉक्टर मॅडम, त्याला विचारलं. बोटं चांगली तासभर आखडलेली असतात. नखांवर खड्डे आहेत, मी स्वतः पाहिले, सुईने टोचल्यासारखे. उजव्या पायाचं एक बोट गेल्या दिवाळीपासून सुजलेलं आहे, चपलेने झालं म्हणाला होता.

माळावरचा
मी समुपदेशक आहे, पुरुषांबरोबर जास्त काम करतो, थोडक्यात लिहितो. दादाला "मनातलं बोल" असं म्हणू नका. कर्त्या माणसाला ती आणखी एक जबाबदारी वाटते. समोर बसवून विचारू नका, बरोबर काहीतरी करताना विचारा, दुकानात माल लावताना, गाडीत. दुःखाबद्दल न विचारता बाबांबद्दल विचारा, बाबा बिलं कशी ठेवायचे, कुठल्या गिऱ्हाइकाशी त्यांचं पटायचं नाही. त्या दिवशी स्मशानात तू कुठे उभा होतास, हे चार वर्षांत त्याला कुणी विचारलंय का? आणि तो गप्प राहिला तर राहू द्या, गप्प बसणं हा त्याचा दोष नाही, त्यावरच तुमचं घर उभं राहिलंय.

शेवटचा निरोप घेता न आलेल्या कोविडच्या मृत्यूंचं दुःख बऱ्याच घरांत तसंच थांबलेलं मी बघतो. काहींनी नंतर तारीख ठरवून घरच्या घरी काही केलं, कुणी श्राद्ध, कुणी नुसतं सगळ्यांनी जमून आठवणी. त्याला हवं असेल तरच. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. रात्रीही चालू असतं.

पैलतीर
मी वर जे लिहिलं त्यातलं एक अक्षर मागे घेत नाही, पण डॉक्टरांनी ज्या पद्धतीने दोन्ही बाजू धरल्या त्यावर माझी हरकत नाही. माझ्या वडिलांना असा डॉक्टर हवा होता. चाफेकळी, सांध्यांचं मात्र एक दिवस लांबवू नका.

चाफेकळी
अपडेट देते, उशीर झाला.

त्वचेच्या डॉक्टरांनी बघताक्षणी संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एक्सरे, रक्त, लिव्हर, छातीचा फोटो सगळं झालं. सोरायटिक आर्थ्रायटिसच आहे. पायाचं ते बोट चपलेचं नव्हतं. मेथोट्रेक्सेट सुरू झालंय, आठवड्यातून एकदाच, बुधवार ठरवलाय, आणि दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड. मेडिकलवाल्याचं मलम बंद झालं, दुसरं दिलंय, कुठे किती लावायचं ते कागदावर लिहून. डॉक्टरांनी त्याला स्वच्छ सांगितलं की हे तुमच्या स्वभावाने झालेलं नाही, तेव्हा तो खुर्चीत मागे टेकून बसला, इतका वेळ कडेला बसला होता.

मग गाडीत येताना मी बाबांच्या बिलांचं विचारलं, माळावरचा यांनी सांगितलं तसं. इस्लामपूर यायच्या आधी त्याने स्वतःहून सांगितलं की त्या दिवशी बाबांचा चष्मा त्याच्या खिशात राहिला होता, हॉस्पिटलने पिशवीत दिलेला, आणि तो द्यायचा कुठे हे त्याला कळेना. अजून गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात आहे म्हणे. आईला माहीत नव्हतं. मी गाडी बाजूला घेतली. तो बराच वेळ रडला. चट्टे आहेत तसेच आहेत, औषधाला वेळ लागतो म्हणालेत.

चुलतबहिणीला मी फोन केला आणि तो मेसेज ग्रुपवरून काढायला लावला.

एक विचारायचं होतं मॅडम, बुधवारची गोळी चुकून गुरुवारी घेतली तर चालते का? आणि त्याला शनिवारी मित्रांबरोबर कधीतरी बसायची सवय आहे.

त्वचावैद्य
छान केलंत, सगळंच. एक दिवस इकडेतिकडे झाला तर चालतं, त्याहून जास्त उशीर झाला तर आधी डॉक्टरांना फोन. पण चुकली म्हणून दोन एकदम कधीच नाही आणि रोज तर अजिबात नाही, मेथोट्रेक्सेट रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत, पाकिटावर मोठ्या अक्षरात "बुधवार" लिहून ठेवा आणि आईलाही सांगून ठेवा. शनिवारचं बसणं बंद, गोळी आणि दारू दोन्ही लिव्हरवर जातात. ताप, तोंडात फोड, धाप लागणं यातलं काही झालं तर पुढची गोळी न घेता लगेच दाखवायचं. रक्ताच्या तपासण्या दिलेल्या तारखांना करा, बरं वाटतंय म्हणून टाळू नका. फरक दिसायला दोन-तीन महिने धरून चाला.

रानवारा
चाफेकळी, दादाला आमच्या सगळ्यांचा नमस्कार सांग. आणि सलूनचं काय झालं?

चाफेकळी
मॅडमनी लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन मीच गेले होते. वाचली त्याने, म्हणाला रविवारी सकाळी पाठवा. दादा अजून हो म्हणालेला नाही.